नेटाचा तवा

नेटा लॅमी पडली ती स्वतःच्या दाराच्या पायरीवर, आणि तीही स्वतःच घासून लख्ख केलेली. जानेवारीचा महिना, अंगणातल्या डबक्यांवर बर्फ धरलेला, अशा वेळी बादलीभर गरम पाणी घेऊन पायरी घासायची बुद्धी स्कॉटलंडातल्या बाल्डरी गावात दुसऱ्या कुणाला झाली नसती. पण पायरीवर डाग म्हणजे अब्रूवर डाग, असा नेटाचा हिशेब. सांडलेल्या पाण्याचा बर्फ झाला, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्ची कोंबड्यांना दाणे टाकून परत आला तर बायको आडवी. त्याला बघून ती पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"आत जाताना बूट काढ."

या गोष्टीला आता सात आठवडे झाले होते. हाड जुळून आलं होतं, डॉक्टर खूश होते. नेटा मात्र दिवसेंदिवस विझत चालली होती. इस्पितळातलं ताट समोर आलं की दोन घास चिवडायची आणि सरकवून द्यायची. मुळात ती कधी फार भरलेली नव्हती, आता तर उशीवर नुसतं नाक आणि डोळे दिसत. पण अर्चीला खाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती बसली होती. नेटानं त्याला रागवायचं सोडलं होतं.

एक्कावन्न वर्षं त्यानं या बाईची बोलणी खाल्ली होती. जेवणासारखीच, वेळच्या वेळी आणि गरमागरम. एकदा तर तो मुद्दाम चिखलाचे बूट घालून वॉर्डात गेला. पांढऱ्या फरशीवर खाटेपर्यंत पावलं उमटली. नेटानं ती पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये अर्ची लॅमी, ज्यानं चाळीस वर्षं नांगर धरला आणि एकुलता एक मुलगा कॅनडाला निघाला तेव्हाही फक्त घसा खाकरला, तो टोपी डोळ्यांवर ओढून रडला.

बुधवारी मोठ्या सिस्टरनं त्याला बाजूला घेतलं.

"मिस्टर लॅमी, शुक्रवारी अकरा वाजता आम्ही यांना दोन तासांसाठी घरी आणतो. सोबत आमच्या मिस गिलरूथ असतील. घर सोयीचं आहे का, तुम्हाला यांचं करता येतं का, ते त्या बघतील. मुख्य म्हणजे तुम्ही केलेलं या खातात का."

"आणि नाही खाल्लं तर?"

"शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय. जागा चांगली आहे हो. मोठी खिडकी आहे."

"खिडकी आमच्याकडेही आहे," अर्ची म्हणाला. 

तो खाटेशी जाऊन बसला. "नेटा, शुक्रवारी घरी यायचंय. काय खाशील सांग."

"काही नको."

"काहीतरी सांग गं."

तिनं पांघरुणाची कड दुमडली, पुन्हा उलगडली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "माझ्या तव्यावरचा एक स्कोन खाल्ला असता."

आता हे नुसतं खाण्याचं बोलणं नव्हतं, आणि अर्चीला ते कळत होतं. नेटा शेतगड्याची मुलगी आणि शेतगड्याचीच बायको. अशा घरांचं बिऱ्हाड एका जागी टिकत नसे. मे महिन्याची अठ्ठावीस तारीख उजाडली, सालाचा करार संपला, की सामान गाडीत घालायचं आणि नव्या मालकाच्या शेतावर जायचं. तिच्या आईची रीत अशी, की जुन्या घरातून बिडाचा तवा सगळ्यांत शेवटी निघायचा आणि नव्या घरात सगळ्यांत आधी चुलीवर चढायचा. खाटा जोडायच्या आधी, पडदे लावायच्या आधी स्कोन, म्हणजे ताकात कालवलेल्या मैद्याची छोटी जाडसर धिरडी, व्हायचे. त्या तव्यावरचा स्कोन पोटात गेला की ते घर आपलं. तोवर ते मालकाचं. आईमागं तो तवा नेटाकडे आला आणि अर्चीबरोबर नऊ घरं फिरला. शेवटी बाल्डरीतल्या या दोन खोल्यांत स्थिरावला.

"मी करतो," अर्ची म्हणाला. "साहित्य सांग."

एरवी ती एवढी हसली असती की शेजारच्या खाटा जाग्या झाल्या असत्या. आज डोळे मिटून, यादी वाचावी तशी म्हणाली, "दोन मुठी मैदा. चिमूटभर सोडा. चमचाभर साखर. एक अंडं. ताक लागेल तेवढं."

"लागेल तेवढं म्हणजे किती?"

"बस म्हणेपर्यंत."

"कोण बस म्हणेल?"

"पीठ," नेटा म्हणाली आणि झोपून गेली.

घरी आल्यावर अर्चीच्या ध्यानात आलं की खरा प्रश्न विचारायचा राहिलाच. दोन मुठी, पण कुणाच्या? त्याचा पंजा म्हणजे फावडं. नेटाचा हात एवढासा. त्याच्या दोन मुठींत गावजेवण झालं असतं. बराच वेळ डोकं खाजवून त्यानं कपाट उघडलं आणि नेटाचा चर्चला जातानाचा काळा हातमोजा काढला. तो आपल्या डाव्या तळव्यावर पसरून ठेवला. मग जामच्या बरण्यांवर नावं घालायची तिची जांभळी पेन्सिल जिभेला लावली आणि मोज्याच्या कडेनं रेघ ओढली. बोटं कुठवर येतात, अंगठा कुठं संपतो, सगळं. मोजा उचलला तर त्याच्या रुंद तळव्यावर नेटाचा हात उमटलेला.  ती पेन्सिल काही लवकर पुसली जाणारी नव्हती, बरण्यांवरची नावं दोन-दोन वर्षं टिकत.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोळ झाला तो गुरुवारी सकाळी.

झालं असं की मिस गिलरूथ घर बघायला येणार, म्हणजे घर चकचकीत हवं, हे अर्चीनं मनावर घेतलं. एक्कावन्न वर्षांत ज्यानं स्वतःचा कप कधी विसळला नाही, तो बाह्या सरसावून उभा राहिला. खिडक्या पुसल्या. चुलीला काळं पॉलिश लावलं. पितळी कड्या घासल्या. पायरी मात्र कोरडीच झाडली, तेवढं शहाणपण त्याला आलं होतं. आणि सगळं झाल्यावर त्याची नजर खुंटीवरच्या तव्यावर गेली.

तवा काळाकुट्ट, गोल, वर कमानीसारखी मूठ. या एवढ्या स्वच्छ घरात तोच एक काळा. अर्चीला वाटलं, बिचारीचं एवढंच काम राहून गेलं. नेटानं हा तवा कधी पाण्याखाली धरला नाही, भाजून झालं की मीठ आणि कागदानं पुसायची, चरबीच्या पुरचुंडीचा हात फिरवायची आणि टांगायची, हे त्याच्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षं घडत होतं. पण त्या वेळी गृहस्थाचं लक्ष ताटलीत. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. त्यानं धुण्याचा सोडा घेतला, उकळतं पाणी घेतलं, तारेची घासणी घेतली आणि दीड तास घाम गाळला. काळं पाणी मोरीत वाहत होतं आणि हा शीळ घालत होता.

अकराच्या सुमाराला शेजारची टीनी डथी आली. टीनी सत्तरीची, विधवा, आणि जिभेला हाड नसलेली. गावच्या महिला मंडळात दर वर्षी 'एका ताटलीत चार ड्रॉप स्कोन' अशी स्पर्धा होई. चारही एका आकाराचे, एका रंगाचे हवेत. अकरा वर्षं नेटा पहिली आणि टीनी दुसरी. त्यावरून दोघी एकमेकींना टोमणे मारत, आणि एकमेकींवाचून त्यांचं पानही हलत नसे.

अर्चीनं अभिमानानं तवा उंच धरला. "बघ टीनी. नवा दिसतो की नाही?"

टीनीनं तवा पाहिला. मग खुर्ची ओढली आणि खाली बसली.

"अर्ची लॅमी," ती हळूच म्हणाली, "त्यापेक्षा घर पेटवून दिलं असतंस तरी चाललं असतं."

"का? काय झालं?"

"काय झालं? अरे गाढवा, तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता! नेटाच्या आईनं चाळीस वर्षं आणि नेटानं पन्नास वर्षं चरबी जिरवून तो काळा केला होता. त्या काळेपणावर पीठ सुटतं. आता हे उघडं लोखंड झालं. याला सगळं चिकटणार. स्वतःचे दात सोडा लावून उपटलेस आणि विचारतोयस, नवं दिसतं का म्हणून!"

अर्चीनं हातातल्या तव्याकडे पाहिलं. राखाडी, चमकदार, परका. तो इतका पांढरा पडला की टीनीनं उठून त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं.

"तिनं एवढंच मागितलं होतं," तो म्हणाला. "सात आठवड्यांत एवढंच एक."

टीनीनं जीभ आवरली. हे फार क्वचित घडे. "ऊठ," ती म्हणाली. "रडायला रविवार मोकळा आहे. चूल पेटव."

दिवसभर त्या दोघांनी तो तवा तापवला, चरबी फिरवली, निववला, पुन्हा तापवला. घरात एवढा धूर झाला की नेल, अर्चीची म्हातारी कुत्री, दारातून मागच्या मागे पळाली. दुपारी टीनीनं त्याला पीठ कालवायला शिकवलं. पळीतून सरसरीत पडलं पाहिजे, पण धावता कामा नये. चमच्याच्या टोकावरून सोडायचं, कडेवरून नाही, म्हणजे आपोआप गोल पडतं. तव्यावर मैद्याची चिमूट टाकायची, ती हळूहळू तांबूस झाली की तवा तयार. वर जाळी पडली की उलटायचं. एकदाच.

"एकदाच म्हणजे?"

"म्हणजे लग्नासारखं. उलटून झालं की पुन्हा पुन्हा खाली डोकावून बघायचं नाही, जे निघालं ते आपलं."

पहिला घाणा तव्यालाच चिकटला. उलथन्यानं खरवडून काढला तर चिंध्या निघाल्या. दुसरा वर जळला, आत कच्चा. तिसऱ्यातला एक कसाबसा अख्खा निघाला. पहिला स्कोन कुत्र्याचा, अशीही नेटाच्या आईची रीत होती, तेव्हा अर्चीनं तो नेलला दिला. नेलनं तो अदबीनं तोंडात धरला, कोळशाच्या खोपटामागं नेला आणि खड्डा करून पुरला. शितावरून भाताची परीक्षा झाली.

"तवाच वाईट," अर्ची कुरकुरला.

"नाचता येईना अंगण वाकडं! तवा कुणी वाईट केला?"

संध्याकाळी टीनी घरी गेली आणि शालीखाली काहीतरी लपवून परत आली. तिचा स्वतःचा तवा. काळा, तुकतुकीत, नेटाचा होता तसाच. तो तिनं टेबलावर ठेवला.

"उद्या यावर कर. तिला कळणार नाही."

"कळेल."

"कळलं तर कळलं. निदान पोटात तरी जाईल. ती त्या खिडकीच्या घरात गेली तर मी कुणाशी भांडू, अर्ची?" एवढं बोलून ती तरातरा निघून गेली.

शुक्रवारी अकराला इस्पितळाची गाडी दारात थांबली. ड्रायव्हरनं चाकाची खुर्ची उचलून पायरीवरून आत आणली. खुर्चीत नेटा होती, तिच्या अंगावरचा कोट तिच्यापेक्षा मोठा वाटत होता. मागून मिस गिलरूथ, पंचविशीची, गालांवर लाली, हातात कागद लावलेली पाटी. पोरगी वाईट नव्हती. पण तिनं दाराची रुंदी मोजली, खाटेची उंची मोजली, मोरीपर्यंतची पावलं मोजली, आणि प्रत्येक वेळी पाटीवर काहीतरी लिहिलं. पेन वाजलं की अर्ची चुलीतले कोळसे उगाच सारखे करत होता.

 नेटाला घेऊन मिस गिलरूथ आतली खोली बघायला गेली तेव्हा अर्ची चुलीपाशी एकटा उरला. टीनीचा तवा त्यानं चुलीवर ठेवला होता. नेटाचा टेबलाखालच्या टोपलीत, वर फडकं. रात्रभर तो मनाला समजावत होता की पोट महत्त्वाचं, तवा नाही. टीनीच्या तव्यावर त्यानं मैद्याची चिमूट टाकली. ती अगदी हवी तशी तांबूस झाली.

पण त्याला ते जमेना. ती म्हणाली होती माझ्या तव्यावरचा. दुसरं काही मागितलंच नव्हतं. हे घर पुन्हा तिचं व्हायचं तर ते टीनीच्या तव्यावर कसं होणार? आणि खोटा स्कोन खाऊन ती घरी आली, तर पुढं प्रत्येक घासाला आपल्याला तो आठवणार. अर्ची फडक्यानं टीनीचा तवा उचलायला गेला, तेवढ्यात मागं चाकं वाजली.

"टीनी डथीचा तवा माझ्या चुलीवर काय करतोय?"

आवाज बारीक होता, पण सात आठवड्यांत पहिल्यांदाच त्यात धार होती. अर्ची तवा हातात घेऊन वळला.

"हा टीनीचा कशावरून..."

"मुठीला खोच आहे. तिच्या नवऱ्यानं पाडला होता. माझा कुठाय?"

अर्चीला खोटं बोलता आलं असतं तर त्यानं जन्मभरात पुष्कळ बोलणी वाचवली असती. तो वाकला, टोपलीतून तिचा तवा काढला आणि तिच्यासमोर धरला. कालच्या दिवसाच्या चरबीनं त्यावर कुठं तपकिरी, कुठं पिवळे डाग पडले होते. बाकी सगळा राखाडी.

"मी घासला," तो म्हणाला. "बाई येणार म्हणून. मला वाटलं तो मळकट झालाय. नेटा, मला ठाऊक नव्हतं गं."

मिस गिलरूथनं पाटीवरून मान वर केली. "अरे वा, किती स्वच्छ केलाय!"

नेटानं तिच्याकडे असं पाहिलं की ती पोर एक पाऊल मागं सरली. मग नेटा अर्चीकडे वळली. तिच्या गळ्यावरची शीर उडायला लागली. अर्चीला वाटलं, संपलं. आता ती भिंतीकडे तोंड फिरवणार.

"घासलास?" नेटा म्हणाली. "कशानं?"

"सोड्यानं. आणि तारेच्या घासणीनं."

"सोड्यानं!" तिचा आवाज चढला. "अरे, माझी आई हा तवा कडेवर पोर घ्यावं तसा घेऊन चालत यायची! सामान भिजलं, खाटा मोडल्या, पण या तव्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही तिनं. आणि तू? सात आठवडे पाठ काय वळली माझी, लगेच अक्कल चालवायला गेलास? एक्कावन्न वर्षं गिळत होतास ते कशावर भाजलं जातंय एवढं कधी मान वर करून बघितलं नाहीस? आणि कालपासून यावर चरबी लावलीस ती ढिगानं, हो ना? म्हणून हे ठिपके. पातळ लावायची असते, मूर्ख माणसा, पातळ! श्वास सोडल्यासारखी! ही अक्कल नक्की टीनीची, म्हणून जन्मभर दुसरी येते."

मिस गिलरूथ घाबरली. "मिसेस लॅमी, तुम्ही दमाल. मिस्टर लॅमी, मला वाटतं आपण..."

"तू गप्प बस पोरी," अर्ची म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंड कानापर्यंत फाटलं होतं. "बोलू दे तिला. थांबवू नकोस."

"दात काय काढतोस? मला चुलीशी ने."

त्यानं खुर्ची चुलीशी नेली. नेटानं चरबीच्या पुरचुंडीसाठी हात पुढं केला, पण मिस गिलरूथ चाचरत म्हणाली, "माफ करा, ते मिस्टर लॅमींनी करायचंय. मला तेच बघायचंय." नेटानं हात मागं घेतला. आता तिला जिभेवरच भागवायचं होतं, आणि ती काही कमी नव्हती.

"पुस आधी. कोरड्या फडक्यानं. सगळी चरबी काढ, काही राहिली नाही असं वाटेपर्यंत. आता हलका हात फिरव. हलका! घोड्याला खरारा नाही करायचाय. मैदा टाक. थांब. थांब म्हटलं ना. जळला, खाली घे जरा. हं. आता सोड. टोकावरून! हे काय, स्कोन आहे की स्कॉटलंडचा नकाशा?"

पहिला चिकटला. दुसरा निम्मा सुटला. ते दोन्ही नेलला गेले, आणि नेलनं या वेळी ते पुरले नाहीत, जागेवरच खाल्ले. नेटानं पिठात चमचा फिरवून बघितला, घोटभर ताक आणखी घालायला लावलं. तिसऱ्याला कडेनं जाळी पडायला लागली.

"आत्ता?" अर्चीनं विचारलं.

"नाही."

"आत्ता?"

"मधली फुटू दे. तुला कायम घाई. लग्नातसुद्धा पाद्र्यानं विचारायच्या आधी हो म्हणालास. आत्ता! मनगटानं!"

स्कोन सुटला. उलटा पडला. वरची बाजू अगदी सारख्या रंगाची नव्हती. एका कडेला गर्द, मधे फिकट, कुठंकुठं तव्याच्या डागांचे ठसे. महिला मंडळानं तो दारातूनच परत पाठवला असता. पण तो अख्खा होता आणि फुगला होता. अर्चीनं फडक्याच्या घडीत त्याला मिनिटभर ठेवलं, मग ताटलीत घेतलं, लोणी लावलं, तिच्याच हातचा रासबेरीचा जाम लावला आणि ताटली तिच्या मांडीवर ठेवली. मग हात मागं बांधून उभा राहिला.

नेटानं स्कोन हुंगून पाहिला, दुमडला आणि चावला. चुलीतले कोळसे तेवढे वाजत होते. मिस गिलरूथचं पेन हवेतच राहिलं होतं. नेटा सावकाश चावत होती. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. बोटाला लागलेला जाम चाटला. ताटली रिकामी झाली.

"कसा झालाय, मिसेस लॅमी?" पोरीनं विचारलं.

नेटानं थोडा विचार केला. "वाईट नाही," ती म्हणाली.

मिस गिलरूथचा चेहरा पडला. ती शहरातली. आमच्या भागात याहून मोठं कौतुक नसतं, हे तिला कुठून कळणार? एक्कावन्न वर्षांत अर्चीनं नेटाच्या स्कोनला हेच दोन शब्द दिले होते, आणि तिनं स्पर्धेचं पहिलं बक्षीस आणलं त्या वर्षीही दोनाचे तीन केले नव्हते. ते शब्द स्वतःच्या वाट्याला आल्यावर कसे लागतात, हे त्याला आज समजलं. त्याला त्या क्षणी कोळसा आणायला बाहेर जावंसं वाटलं, पण टोपली भरलेली होती. म्हणून तो तिथंच उभा राहिला आणि उलथन्याकडे बघत राहिला.

"आणखी दोन टाक," नेटा म्हणाली. "एक मला, एक या पोरीला. आणि पोरी, तू तिथं लिहून घे. सिस्टर सांगत होती त्या खिडकीच्या घरात दुसऱ्या कुणाला पाठव. हा तवा परत काळा व्हायला दोन वर्षं लागतील, रोज चरबी फिरवली तर. मी काही तो या माणसाच्या हातात सोडून जाणार नाही."

"दोन वर्षं?" मिस गिलरूथ म्हणाली.

"तीनही लागतील. बघितलंस ना, यानं कसा घासलाय."

मिस गिलरूथनं पाटीकडे पाहिलं, मग नेटाच्या रिकाम्या ताटलीकडे. पाटीवर एक ओळ लिहिली आणि पेनाला टोपण घातलं. "पुढच्या मंगळवारी घरी आणू," ती म्हणाली. "मोरीला एक कठडा तेवढा बसवावा लागेल."

"आजच बसवतो," अर्ची म्हणाला.

दोन स्कोन टाकून तो हात धुवायला मोरीकडे निघाला. तळव्यावर पीठ वाळलं होतं. नेटानं खुर्चीतूनच त्याचं मनगट पकडलं.

"हे काय हातावर?"

अर्चीनं मूठ मिटायचा प्रयत्न केला. तिनं ती उघडली. पिठाखाली जांभळी रेघ अजून दिसत होती, बारीक बोटं, आखूड अंगठा, सगळं त्याच्या फावड्याएवढ्या तळव्याच्या आत.

"तू म्हणालीस दोन मुठी," तो म्हणाला. "तुझ्याच मोजायला हव्यात ना."

नेटानं आपला हात त्या रेघेवर ठेवून पाहिला. सात आठवड्यांत तो बारीक झाला होता, रेघ कडेनं थोडी बाहेर राहिली. ती बराच वेळ तसाच हात ठेवून बसली. तव्यावर जाळी पडली, मधली फुटलीसुद्धा, तरी तिनं त्याला उलट म्हणून सांगितलं नाही. तो स्वतःच वाकला आणि एकट्या उजव्या हातानं त्यानं ते जमेल तसे उलटले, कारण डावा हात तिच्या हाताखाली होता.

"सोड, धुतो," शेवटी तो म्हणाला.

"धुऊ नकोस," नेटा म्हणाली. "हाताला लागेल ते घासत सुटायची खोड लागलीय तुला. नुसता पुसून घे."

अर्चीनं कोरडं फडकं घेतलं आणि तळवा पुसला. अगदी हलक्या हातानं.